ज्याच्यावर लिहिले, त्याला वाचता यावे

२००१ पासूनच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर वनविभागात बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलात नेऊन सोडण्याची मोठी मोहीम झाली. त्याआधी त्या भागात बिबट्याने माणसावर हल्ला केल्याच्या घटना वर्षाला सरासरी चार होत होत्या. मोहीम सुरू झाल्यावर त्या सतरापर्यंत गेल्या. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे तपासून २०११ मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या वर्गणीच्या नियतकालिकात मांडले. बिबट्या उचलून दुसरीकडे नेण्याने संघर्ष मिटत नाही, तो वाढतो आणि नव्या गावात पोचतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

दोन वर्षांनी याच अभ्यासकांचा पुढचा निबंध आला, तो आपल्या नगर जिल्ह्यातल्या अकोल्याचा. तिथे उसाच्या पट्ट्यात रात्री आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले तेव्हा शंभर चौरस किलोमीटरला पाचेक प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकेच तरस आढळले. हा काही अभयारण्याचा भाग नाही. इथे चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात. विष्ठेच्या तपासणीत, जी पुढे वेगळ्या निबंधात छापली गेली, असे दिसले की बिबट्याच्या खाण्यात पाळीव प्राण्यांचा वाटा ८७ टक्के होता आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. माणसांवरचे हल्ले मात्र दुर्मीळ होते. कॅमेऱ्यांचा हा निबंध ‘प्लॉस वन’मध्ये आला. ते नियतकालिक पहिल्या दिवसापासून सर्वांना मोफत वाचायला खुले असते.

तरीही आज गावात बिबट्याने माणूस मारला की पहिली मागणी उठते ती पिंजऱ्याची आणि दूर नेऊन सोडण्याची. ज्याचे लेकरू गेले त्याला कोण काय बोलणार? त्याचा राग खरा आहे आणि भीतीही खरी आहे. पण त्या गर्दीत उभ्या असलेल्या सरपंचाला, वार्ताहराला आणि तहसीलदाराला शेजारच्या तालुक्यात हाच उपाय करून काय झाले होते हे ठाऊक नसते. ते शोधून काढलेले आहे आणि छापलेलेही आहे, फक्त इंग्रजीत आणि प्राध्यापकांच्या जगात. जे ज्ञान अकोल्याच्या उसातून निघाले ते अकोल्याच्या चावडीवर पोचत नाही, आणि या न पोचण्यात माणसांचे जीव जातात. विद्वानांनी विद्वानांशी आणि लोकांशी कसे बोलावे हा विषय आम्ही आज घेतो आहोत तो या कारणाने.

ज्ञान खुले आहे की नाही हे ठरवायची आमची कसोटी अशी: ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचता येते का, आणि वाचून ‘हे असे नाही’ म्हणता येते का? नुसते फुकट मिळणे हा त्यातला अर्धा भाग झाला. या कसोटीचा नगर जिल्ह्याला सातशे वर्षांचा अनुभव आहे. इथे दारे अनेकदा उघडली गेली आणि अनेकदा लावलीही गेली. कोणी उघडली आणि का लावली गेली, हे पाहिल्यावाचून आजच्या प्रश्नाला नीट हात घालता येणार नाही.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात या जिल्ह्यातल्या सराळे गावात म्हाइंभट नावाचा शास्त्री होता. आपल्या विद्येचा त्याला अभिमान होता. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्याशी वाद करायला गेला आणि त्यांचाच होऊन राहिला. चक्रधर गेल्यावर त्याच्या मनाने घेतले की स्वामींच्या आठवणी विरून जाण्याआधी गोळा कराव्यात. मग तो ज्यांनी पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन विचारू लागला. त्यात विद्वान होते, तशी साधी माणसेही होती आणि स्त्रियाही पुष्कळ होत्या. प्रत्येक आठवण ऋद्धिपुरात पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्यापुढे ठेवायची, खात्री करून घ्यायची आणि मगच लिहायची, अशी त्याची रीत होती. ‘लीळाचरित्र’ असे झाले. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ म्हणजे साक्षी घेऊन आणि त्या पारखून केलेले संशोधनच आहे.

याहून मोठी गोष्ट पुढे घडली. खलजींच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली, असे पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्याकडून तो पुन्हा उभा करण्यात आला. हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास यांचे पाठ एकमेकांशी तंतोतंत जुळेनात. अशा वेळी एकच पाठ खरा ठरवून बाकीचे बुडवणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. कोणाच्या पाठात काय आहे हे नावानिशी सांगत पाठभेद जपले. हिराइसा या स्त्रीच्या स्मरणाला ग्रंथाच्या प्रामाण्यात तिच्या नावासकट जागा मिळाली, ती चौदाव्या शतकात. आजच्या शोधनिबंधांत माहिती देणाऱ्या गावकऱ्याचे नाव बहुधा ‘उत्तरदाता क्रमांक सतरा’ असे असते.

याच पंथात केशोबासांना संस्कृतात लिहायची ओढ होती. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. संस्कृतात गेले तर पंथातल्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील, एवढेच त्यांचे कारण होते. विद्वत्तेची भाषा कोणती असावी यावर मराठीत झालेला इतका नेमका निर्णय दुसरा आम्हाला माहीत नाही. तेराव्या शतकातच, शके १२१२ मध्ये, प्रवरेकाठी नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत उलगडली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे, म्हणून त्यावर थांबत नाही. पुढची एक गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. पुढल्या तीनशे वर्षांत पोथ्यांमध्ये वाटेल तशी भर पडत गेली, तेव्हा १५८४ मध्ये पैठणला एकनाथांनी निरनिराळ्या प्रती पडताळून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. खुले ठेवलेले ज्ञान भेसळीला बळी पडू शकते. त्याला राखण लागते, आणि अशी राखण कशी करायची हे एकनाथांनी दाखवून दिले.

राखणीचा दुसरा मार्ग महानुभावांनी धरला, तो कुलपाचा. म्हाताऱ्या बायांसाठी मराठीचा आग्रह धरणाऱ्या पंथाने चौदाव्या शतकात आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी ही त्यांतली सर्वांत परिचित. छळाची भीती होती आणि ग्रंथात कोणी फेरफार करील हीही भीती होती. ही कारणे आम्ही हलकी मानत नाही. पण त्याची किंमत जबर पडली. पाच शतकांहून अधिक काळ बाकीच्या महाराष्ट्राला हे वाङ्मय वाचता आले नाही. एकोणिसाव्या शतकात मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची जुळवाजुळव झाली ती आपल्याच भाषेतल्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथावाचून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, वि. ल. भाव्यांनी महानुभावांना वाङ्मयेतिहासात आणले, आणि पुढे ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांनी ग्रंथ संपादून छापले, तेव्हा कुठे सराळ्याच्या म्हाइंभटाचे काम त्याच्या जिल्ह्यात परत आले.

सोळाव्या शतकात नगर हे निजामशाहीच्या राजधानीचे शहर होते आणि त्या दरबारात इराणी, तुर्की, दख्खनी, मराठी आणि पोर्तुगीज विद्येची गाठ पडत होती. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्याला आला. बुऱ्हाण निजामशहाच्या प्रकृतीसाठी त्याला नगरला बोलावणे येई. तिथे अरबी-फारसी वैद्यक जाणणाऱ्या हकिमांशी त्याची चर्चा चाले, वादही होत.  हिंग कशापासून मिळतो, आंब्याचे गुण काय, पटकीत रोग्याला काय होते, हे सारे त्याने स्वतः पाहून आणि विचारून टिपले. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्याच्या छापखान्यात त्याचे पुस्तक छापून झाले. हिंदुस्थानात छापखाना येऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती.

ओर्ताने दोन गोष्टी निवडल्या आणि दोन्ही धाडसाच्या होत्या. युरोपातल्या विद्वानांची भाषा लॅटिन असताना तो पोर्तुगीजमध्ये लिहायला बसला. आणि पुस्तक त्याने संवादाच्या रूपात लिहिले. रुआनो नावाचा एक कल्पित डॉक्टर ग्रीक ग्रंथांचे दाखले देत प्रश्न विचारतो आणि ओर्ता आपण इथे काय पाहिले ते सांगतो. मध्येच घरातली मोलकरीण आंतोनिया एखादी वनस्पती आणून दाखवते, मालुपा नावाचा इथला वैद्य येऊन आपले मत देतो. ग्रीकांचे म्हणणे, अरबांचे म्हणणे, दख्खनच्या वैद्याचे म्हणणे आणि स्वतःची शंका, सगळे एका खोलीत बसून बोलते आहे. वैद्यक, वनस्पतिशास्त्र, व्यापार आणि राजकारण या विषयांच्या भिंती त्या खोलीत नाहीत.

पुढे कार्ल क्लुसियसला लिस्बनमध्ये या पुस्तकाची प्रत मिळाली. १५६७ मध्ये त्याने त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला छापला आणि युरोपभर हे ज्ञान पोचले. ते मोठेच काम झाले. पण त्या संक्षेपात संवाद उरला नाही. मालुपा गेला, आंतोनिया गेली. ज्यांनी सांगितले ती माणसे गळाली आणि माहिती तेवढी पुढे सरकली. विद्वानांच्या भाषेत जाताना सांगणाऱ्याचा आवाज कसा नाहीसा होतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे शोधायला नको. ओर्ताचे स्वतःचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. तो यहुदी कुळातला. १५६८ मध्ये तो वारला, दुसऱ्याच वर्षी गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्याच्या बहिणीला जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. विचारायची मोकळीक त्याला मिळाली होती ती निजामशहाच्या नगरमध्ये. ज्या गोव्यात त्याचे पुस्तक छापले गेले तिथे ती त्याच्या घरच्यांना लाभली नाही.

राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या संतचरित्रकार महिपतींचा इथे निदान उल्लेख करावाच लागेल. १७६२ मध्ये ‘भक्तिविजय’ लिहिताना त्यांनी आपण नाभाजी आणि माणदेशातले उद्धवचिद्घन यांच्या आधाराने लिहीत आहोत हे उघड सांगितले. आधार सांगण्याची ही शिस्त कोणत्याही विद्यापीठाने त्यांना शिकवली नव्हती.

इंग्रजी अमलात नगरला दोन गोष्टी लवकर आल्या. १८३८ मध्ये वाचनालय निघाले आणि जून १८४२ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केले. ‘ज्ञानोदय’चा हेतू धर्मप्रसाराचा होता, त्यात लपवण्यासारखे काही नाही, हिंदू धर्मावरची त्याची टीका पुष्कळदा एकांगी होती. तरीही भूगोल, खगोल, रोगराई, शाळा, रूढी हे सारे विषय त्यात साध्या मराठीत येत, आणि उत्तर म्हणून बाळशास्त्री जांभेकर, भाऊ महाजन यांच्या परंपरेतली नियतकालिके वाद घालत. वाद छापील होता आणि मराठीत होता, म्हणून तो कोणालाही वाचता येई. याच ‘ज्ञानोदय’मध्ये १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये, तेव्हा ते मुंबईहून निघत असे, मुक्ता साळवे या जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध छापून आला. तोवर तिच्या समाजाविषयी शास्त्रींनी लिहिले होते, मिशनऱ्यांनी लिहिले होते, इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिले होते. आता जिच्याविषयी लिहिले जात होते ती स्वतः बोलली, आणि ज्या धर्मग्रंथांवर तिचा काहीच हक्क नाही असे सांगितले जाई त्यांनाच तिने प्रश्न विचारले. मराठीतल्या खुल्या विद्याव्यवहाराची जन्मतारीख कोणी मागितली तर आम्ही हीच देऊ.

१९४२ च्या ऑगस्टपासून नगरच्या भुईकोट किल्ल्यात बारा माणसे बंद होती. त्यांत जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आसफ अली, पट्टाभी सीतारामय्या, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव होते. त्यांच्यातले प्रफुल्लचंद्र घोष मूळचे रसायनशास्त्राचे अभ्यासक, नरेंद्र देव बौद्ध दर्शनाचे, आझाद अरबी-फारसी विद्येचे. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि ते या सहबंदिवानांनाच अर्पण केले. आझाद, पंत, नरेंद्र देव आणि आसफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचे ऋण त्यांनी प्रस्तावनेत मानले आहे. महताबांनी ओडिशाचा इतिहास इथेच लिहिला. निरनिराळ्या विषयांची आणि भाषांची माणसे रोज एकत्र बसली तर काय होते, त्याचा हा नमुना. पण हे सारे बोलणे भिंतींच्या आत होते. आझादांनी मित्राला लिहिलेली पत्रे टपालात पडू शकत नव्हती. ती साचत गेली आणि १९४६ मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून एकत्र छापली गेली. मौलानांची पत्रे भिंतीआड राहिली ती परक्या सरकारच्या हुकमाने. आज आपल्या अभ्यासकांचे काम भिंतीआड राहते ते कोणाच्याही हुकमावाचून.

स्वातंत्र्यानंतर जिल्ह्याची माती विद्वानांनी पुष्कळ उकरली. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाचे नाव तर एका अख्ख्या ताम्रपाषाण संस्कृतीला मिळाले. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते ५६ मध्ये नेवाशाचे उत्खनन केले. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, ते झाडाची मुळे खणणाऱ्या एका गावकऱ्याला. त्यांचा काळ कोणता यावर पुरातत्त्वज्ञांत आणि धातूंचे विश्लेषण करणाऱ्यांत वाद झाला, आणि तो झाला हे उत्तमच. दायमाबादची वस्ती इसवी सनापूर्वी हजाराच्या आसपास ओस पडली. दख्खनमधल्या या वस्त्या मोडण्यामागे हवामान कोरडे होत जाण्याचा मोठा हात असावा, असे म. के. ढवळीकरांनी मांडले आहे. दर चार-दोन वर्षांनी टँकर लागणाऱ्या जिल्ह्यासाठी ही नुसती पुराणवस्तूंची हकिकत नाही. पुरातत्त्वज्ञ, भूजलतज्ज्ञ आणि शेतकरी या तिघांनी मिळून ती वाचायला हवी. पण तिचे जाडजूड अहवाल इंग्रजीत आहेत.

हे वेगळे होऊ शकते, आणि याच जिल्ह्यात ते झालेही आहे. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने जामखेडला काम सुरू केले. गावोगावच्या, बहुतेक निरक्षर आणि बऱ्याचशा दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. या बायका दर आठवड्याला जामखेडला एकत्र येत, गावात काय पाहिले ते सांगत, डॉक्टरांशी वाद घालत आणि नवे शिकून परत जात. बाळंतपण, अतिसार, कुष्ठरोग यांविषयीचे वैद्यकीय ज्ञान डॉक्टरांच्या हातून निघून त्यांच्या बोलीत उतरले, आणि गावातली खरी अडचण काय हे त्यांच्याकडून डॉक्टरांना कळले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आहे, आणि तीन वर्षांनी अल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जो जाहीरनामा झाला त्यामागच्या अनुभवांत जामखेडचा अनुभवही होता. इथले ज्ञान जिनिव्हाला गेले, पण जाताना आधी जामखेडच्या वाड्यांतून फिरून गेले.

हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवारांच्या काळात ग्रामसभेने तेच पाण्याच्या बाबतीत केले. पाऊस मोजायचा, किती पाणी जिरले आणि विहिरींना किती आले याचा ताळेबंद मांडायचा, तो फळ्यावर लिहायचा आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे ते ठरवायचे. भूजलशास्त्र फळ्यावर आले आणि कोणालाही उठून ‘माझ्या विहिरीचा आकडा चुकलाय’ म्हणता येऊ लागले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ दरवर्षी शेतकऱ्याच्या घरात जाते, शिवारफेरीत शास्त्रज्ञाला बांधावर उभे राहून प्रश्न झेलावे लागतात. भगवा डाळिंब ज्या झपाट्याने पसरले त्यामागे ही मराठीतली देवघेव आहे. बिबट्यांच्या बाबतीतही अभ्यासकांनी निबंध छापून हात झटकले नाहीत. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या २००९ मध्ये माळशेज घाटात सोडला आणि तो सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी उद्यानापर्यंत गेला, ही हकिकत वर्तमानपत्रांतून घरोघर पोचली, तिच्यावर मराठी चित्रपटही निघाला. मुंबईत २०११ पासून वनखाते आणि अभ्यासक यांनी मिळून पत्रकारांच्या कार्यशाळा घेतल्या. नगरच्या तालुक्या-तालुक्यांत तसे सातत्याने व्हायला हवे होते.

आता बाजाराकडे वळू. विद्वानांची नियतकालिके हा जगभर मोठ्या नफ्याचा धंदा झाला आहे. लेख लिहिणारा फुकट लिहितो, तपासणारा फुकट तपासतो, आणि ग्रंथालयाला वर्गणी भरावी लागते. याविरुद्ध २००२ मध्ये बुडापेस्टला खुल्या प्रवेशाचा जाहीरनामा निघाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांचे ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ त्याच सुमारास वाचकांना मोफत होते आणि लेखकाकडूनही पैसे घेत नव्हते. डॉ. डी. के. साहू यांच्या मुंबईतल्या मेडनो या प्रकाशनसंस्थेने हीच वाट धरून कितीतरी भारतीय वैद्यकीय नियतकालिके खुली केली. जग ज्याला आदर्श मानत होते ते आपल्या परळमध्ये घडत होते. २०११ मध्ये मेडनो एका मोठ्या परदेशी प्रकाशकाने विकत घेतली. दरम्यान मोठ्या प्रकाशकांनी खुल्या प्रवेशाची वेगळीच तऱ्हा उचलून धरली: वाचकाला फुकट आणि लेखकाला शुल्क. ‘नेचर’ने २०२० मध्ये हे शुल्क साडेनऊ हजार युरो जाहीर केले. संगमनेरच्या महाविद्यालयातला प्राध्यापक ते कुठून भरणार? पूर्वी त्याला वाचता येत नव्हते, आता लिहिता येत नाही.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू केली. तीस प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांत ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना मिळाली. लहान विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला आयआयटीतल्या विद्यार्थ्याइतकेच वाचायला मिळणे ही न्यायाची गोष्ट आहे आणि तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण हे वाचन संस्थेच्या आतल्या माणसासाठी आहे. निवृत्त शिक्षक, तालुक्याचा वार्ताहर, खेड्यात दवाखाना चालवणारा डॉक्टर, पाणी समितीचा अध्यक्ष यांना त्यात जागा नाही. शिवाय यातला बहुतेक पैसा बाहेरचे आत आणण्यासाठी आहे; आपल्याकडे निर्माण झालेले ज्ञान लोकांपर्यंत त्यांच्या भाषेत नेण्याची तरतूद त्यात दिसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमाने पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगे’वर सर्वांना मोफत ठेवले गेले, हे त्यामानाने फार मोठे काम होते. पण त्यांतले गावांवरचे बहुतेक प्रबंध त्या-त्या गावाला वाचता येत नाहीत.

म्हणून आमचे म्हणणे नेमके मांडतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ यांनी जिल्ह्यातल्या गावांवर, पिकांवर, पाण्यावर, माणसांवर झालेल्या प्रत्येक प्रबंधासोबत संशोधकाने स्वतः मराठीत लिहिलेला दहा-पंधरा पानी सारांश सक्तीचा करावा. यंत्राने केलेले भाषांतर चालणार नाही, कारण मराठीत मांडताना स्वतःच्या निष्कर्षातले कच्चे दुवे संशोधकाला स्वतःलाच दिसतात. हा सारांश त्या गावाच्या ग्रामपंचायतीत आणि तालुक्याच्या वाचनालयात जावा. गावाने घेतलेली हरकत प्रबंधाच्या नोंदीला जोडली जावी, ज्याने सांगितले त्याच्या संमतीने त्याच्या नावासकट. हिराइसेच्या पाठाला जी जागा मिळाली ती आजच्या शेतकऱ्याला का मिळू नये? अध्यापकांच्या बढतीच्या गुणांत लोकांसाठी लिहिलेल्या मराठी लेखाला आज फारसे स्थान नाही, ते द्यावे लागेल. त्यावाचून तरुण प्राध्यापक हे काम करणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. वाईचे ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, मराठी विज्ञान परिषदेची ‘पत्रिका’ यांनी अनेक विषयांची माणसे मराठीत एकत्र आणली ती वर्षानुवर्षे तुटपुंज्या पैशांत. परदेशी प्रकाशकांना लेखकशुल्क भरण्याआधी सरकारने अशा नियतकालिकांना कायमचा आधार द्यावा.

आणि २०२७ च्या अखेरीस केंद्राच्या योजनेची पहिली तीन वर्षे संपतील, तेव्हा प्रकाशकांशी पुन्हा करार होईल. त्या करारात सार्वजनिक ग्रंथालयांचा समावेश व्हावा, अशी मागणी महाराष्ट्राने आत्तापासून लावून धरावी. नगरच्या वाचनालयाला २०२८ मध्ये एकशे नव्वद वर्षे होतील. त्याच्या वाचनकक्षात बसून, कोणत्याही महाविद्यालयाचे ओळखपत्र न दाखवता, अकोल्याच्या शेतकऱ्याला अकोल्याच्या बिबट्यांवरचे सारे निबंध वाचता आले पाहिजेत.